पालथा हात

१२ जानेवारी, रविवार

बस आली! आजपासून लिहायचं असं ठरवलेलं आणि पहिल्याच दिवशी एवढी मोठी गोष्ट लिहायला मिळाली.

आधी माझं सांगते. मी रंभाबाई. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. ही डायरी चार वर्षांपूर्वीची आहे, औषधाच्या दुकानातून फुकट आलेली. वार जुळत नाहीत, ते खोडून नवे घालते. लिहायचं कारण म्हणजे नौपाड्यातले डॉक्टर. ते म्हणाले, आजी, साखरेने नसा सुस्त झाल्यात, बोटांना काम द्या, रोज एक पान लिहा, आणि घरच्यांना सांगा की हातापायांना कमी कळतंय. पहिलं करते आहे. दुसरं कशाला करू? सांगितलं की जया मला शेगडीजवळ येऊ देणार नाही, मग दिवसभर काय भिंतीकडे बघत बसायचं? घरी सांगितलं, डॉक्टर म्हणाले लिहिल्याने डोकं तल्लख राहतं.

तर बस. शाळेची जुनी पिवळी बस, सीटा काढलेल्या, सहाच ठेवल्यात. माझ्या नातीने घेतली, पायलने. लिफ्टच्या कंपनीत वायरिंगचं काम करते पोरगी, आयटीआय झालेली. आता म्हणते नोकरी पुरे, घोडबंदर रोडला ऑफिसवाल्यांसाठी बसमध्ये खानावळ काढायची. झुणका, मटकीची उसळ, तांदळाची भाकरी. रांधणार तिची आई, म्हणजे माझी सून जया. जयाच्या हाताला चव आहे, हे मी तिला कधी सांगितलं नाही, इथे लिहून ठेवते. आणि मला पायल म्हणाली, "आजी, तू दारात बसायचं आणि लोकांना हाक मारायची." मी म्हटलं, "मी काय पोपट आहे?" पण मनातून बरं वाटलं.

बस सध्या डोंबिवलीत एमआयडीसीच्या एका शेडमध्ये उभी आहे, सहदेवच्या ओळखीने. सहदेव माझा मुलगा, पायलचा बाप. तीस वर्षं वायरमनचं काम करतोय.

१६ जानेवारी

वायरिंग झालं. सहदेवने एकट्याने केलं. पायल म्हणत होती मी करते, तर म्हणाला, तुझी नोकरी संपू दे आधी, घरचं काम बापाने नाही करायचं तर कुणी? पंखे, दिवे, फ्रिज, मिक्सर, आणि ती काचेची शेगडी जिच्यावर विस्तव दिसत नाही.

झाल्यावर मला बोलावलं. "आई, ये, हात लाव."

हे आमच्या घरचं आहे. पायलचे आजोबा, म्हणजे हे, त्यांचं नाव धोंडिबा, लिहिलं तर चालतं, तेही वायरमन. काम संपलं की मेन चालू करून पत्र्याला, मशीनला पालथा हात लावून बघायचे. तळहात नाही लावायचा. तळहाताने करंट लागला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. पालथा हात असला की झटका हाताला मागे फेकतो. ह्यांनी हात लावल्याशिवाय घरमालक आत पाऊल टाकायचा नाही. हे गेल्यावर सहदेवने मला सांगितलं, आता घरात मोठी तू, तू लाव. तेव्हापासून चार ठिकाणी लावलाय. चाळीतल्या नव्या दुकानात लावला तर त्यांनी मला साडी नेसवली, मोरपंखी, काठ जरा भडक आहे.

पायलला हे पटत नाही. "आजी, टेस्टर आहे, मीटर आहे, हात कशाला?"

सहदेव म्हणाला, "टेस्टर निघाला त्याच्या आधीपासून हात आहे."

मी पदर खोचला, बसच्या दांड्याला पालथा हात लावला. काही नाही. मी म्हटलं, "चालू द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेडमधल्या कामगारांनीसुद्धा!

हे गेले त्याला नोव्हेंबरात दोन वर्षं झाली. तेव्हा बायका म्हणाल्या, रंभाबाई दगड झाल्या. मी रडले नाही. आतून काही आलंच नाही. अजून आलेलं नाही. ते एक असो.

१९ जानेवारी, रविवार

भांडण झालं. बापलेकीचं. पायलने सुट्टी म्हणून बोर्ड उघडून बघितला.

"पप्पा, हिरवी वायर कुठे जाते?"

"बोर्डातच आहे. न्यूट्रलला लूप मारलाय."

"आणि बॉडी?"

"बॉडीपण त्यालाच. मग काय मोकळी सोडू?"

"पप्पा, ही अर्थिंग नाही झाली."

"सगळे असंच मारतात. बसला कुठे खड्डा खणणार तू, डिकीत?"

"पोलॅरिटी उलटी आली तर?"

"तू मला शिकवणार? तुझ्या जन्माच्या आधीपासून मी खांबावर चढतोय."

"म्हणून तर सांगतेय, खाली उतरा आता."

असं बापाला बोलायचं असतं का? पण मला हसू आलं. ह्यांनासुद्धा कुणी असं बोललं नव्हतं. सहदेव पक्कड टाकून चहाला निघून गेला.

मग पायलने मला समजावून सांगितलं. मला कळलं तसं लिहिते. एक वायर करंट आणते, ती फेज. एक परत नेते, ती न्यूट्रल. तिसरी हिरवी, ती जमिनीत जाते, तिच्यातून एरवी काही जात नाही, बिघडलं तरच जातं. सहदेवने हिरवी जमिनीत न नेता परतीच्या वायरला बांधली आणि तीच बसच्या पत्र्यालाही जोडली.

मी म्हटलं, "मग बिघडलं काय?"

"इथे काही नाही बिघडलं आजी. इथला सॉकेट बरोबर आहे. पण घोडबंदरला जिथे प्लग लावू तिथे कुणी आणणारी आणि नेणारी अदलाबदल करून ठेवली असेल, तर आणणारी सरळ पत्र्याला. अख्खी बस करंटमध्ये. बस रबराच्या टायरवर, म्हणजे फ्यूजसुद्धा उडणार नाही. आत बसलेल्याला कळायचंसुद्धा नाही. ज्याचा एक पाय जमिनीवर आणि हात दांड्याला, तो गेला."

"पण मी हात लावून बघितलंय."

तिने बोर्डाचं झाकण लावलं आणि म्हणाली, "तिकडे मी स्वतः सॉकेट तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही. पप्पांना सांग."

"सांगते," म्हटलं.

२४ जानेवारी

पायल पुण्याला गेली. कंपनीने नोटिशीचे शेवटचे दिवस तिकडच्या साइटवर काढायला लावले. ३१ ला सुटणार. ३ फेब्रुवारीला खानावळ उघडायची.

जयाने आज लसणाची चटणी केली. तिखट जास्त झालं म्हणाली. मला काही लागलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

मी बसमधून गेले! पहिल्या सीटवर खिडकीशी मी, मागे फ्रिज दोरीने बांधलेला, भांडी वाजतायत, आणि जया त्या फ्रिजला धरून उभी. मी म्हटलं, अगं बस की, तर म्हणाली, फ्रिज पडला तर? कल्याण फाट्याला ट्रॅफिक, मुंब्र्याला ट्रॅफिक, माजिवड्याला तर ड्रायव्हर खाली उतरून उसाचा रस पिऊन आला. शेजारच्या रिक्षातली शाळेची पोरं मला हात दाखवत होती. त्यांना वाटलं असेल, म्हातारी शाळेत निघाली.

घोडबंदर रोडला एका सोसायटीच्या भिंतीला लागून मोकळी पट्टी आहे, तिथे उभी केली. सोसायटीने पंपाच्या खोलीतून लाइट दिलीय. तिथला वॉचमन गुणाजी, चिपळूणकडचा, गोड बोलणारा माणूस, त्याने कुलूप उघडून दिलं. सहदेवने वायर ओढली.

मी म्हटलं, "पायल म्हणालेली, ती येईपर्यंत लावू नका."

"फ्रिज गरम होऊन बसलाय आई. दही नासेल. तू हात लाव, झालं."

तू हात लाव म्हणाला की मला वेगळंच वाटतं. घरात मी भाजीसुद्धा निवडते ती जया पुन्हा निवडते. पण ह्या एका कामाला माझ्याशिवाय चालत नाही. प्लग लावला, दिवे लागले, मी पालथा हात दांड्याला लावला. काही नाही.

"चालू द्या," म्हटलं.

संध्याकाळी पायलचा फोन आला. "आजी, प्लग लावला का?" "लावला." "सॉकेट बघितला कुणी?" मी म्हटलं, "सगळं बघितलं, मी हात लावलाय, तू जेवलीस का?" ती म्हणाली, "पप्पांना दे." सहदेवने हातानेच नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, तो आंघोळीला गेलाय.

२९ जानेवारी

आज नुसतं करून बघायचं म्हणून रांधलं. मी भाकऱ्या केल्या. त्या काचेच्या शेगडीवर तवा कधी तापतो कळत नाही. भाकरी उलटताना बोट तव्याला लागून राहिलं. मला पत्ता नाही. जया ओरडली, "आई, वास येतोय!" मी म्हटलं भाकरी करपली. तर माझं बोट. फोड आलाय. दुखत नाही. मी जयाला म्हटलं, जुनी हाडं आहेत, तुमच्यासारखी नाजूक नाहीत.

गुणाजीला एक भाकरी दिली. तो दारातून ताट घेताना हात झटकून मागे झाला.

"आजी, तुमची गाडी चावते."

"काय करते?"

"चावते हो. दांड्याला हात लावला की मुंग्या येतात."

मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी. "गुणाजी, थंडीने हात फुटलेत तुमचे. तेल लावा."

जया भांडी घासत होती. हळूच म्हणाली, "आई, मला पण झिणझिण होतं चढताना."

मी म्हटलं, पायलला बोलू नकोस, परत बापलेकीची जुंपेल, पाच दिवसांवर उद्घाटन आलंय. आणि मी हात लावून बघितलंय की नाही? बघितलंय. मग?

जया गप्प बसली. गुणवान आहे.

संध्याकाळी बसस्टॉपकडे निघालो तर गुणाजी मागून धावत आला, माझी डावी चप्पल हातात घेऊन. कधी निसटली कळलंच नाही. बरीच चालले की मी तशी!

३१ जानेवारी, शुक्रवार

जया पडली.

सकाळी तिने बस बाहेरून धुतली. पाणी खाली साचलेलं. चपला काढून, पदर खोचून, एक पाय चिखलात ठेवून दांडा धरला चढायला, आणि फेकली गेली. उताणी. डोकं फरशीवर नाही आपटलं, थोडक्यात चुकलं. डोळे उघडे पण बोलेना. गुणाजीने तोंडावर पाणी मारलं तेव्हा म्हणाली, "झटका बसला."

सहदेव म्हणाला, "घसरली. एवढं पाणी केलंस, घसरणारच."

"नाही हो, झटका बसला. हात सुटत नव्हता."

"आई, तू बघ."

पायरीपाशी रबराची चटई टाकलेली, तिच्यावर मी चपला घालून उभी होते. हात पदराला पुसला आणि लावला. पालथा. मग म्हटलं नीट बघू, म्हणून जरा जास्त वेळ ठेवला. काही नाही. मी सगळ्यांना सांगितलं, काही नाही.

जया उठून बसली. केसातला चिखल काढत होती. म्हणाली, "आई म्हणतायत म्हणजे घसरलेच असेन."

मी तिला साखर घालून चहा दिला. तिला दिवसभर काम करू दिलं नाही, सगळं मी केलं. मला एवढं काम होतं अजून, ह्याचं मलाच नवल वाटलं.

गुणाजी दुपारी ताट घ्यायला आला नाही. लांबूनच म्हणाला, मला भूक नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

पायल पुण्याहून थेट इथेच आली. पिशवीसकट. तिला जयाने फोन केला नव्हता, मी केला नव्हता, सहदेवने तर नाहीच. गुणाजीने केला. बसच्या पाटीवर तिचा नंबर आहे.

आली तशी तिने टेस्टर काढून पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लागला.

सहदेव म्हणाला, "टेस्टर काय, कशालाही लागतो. ढगाळ हवेत भिंतीलापण लागतो."

"बरं," म्हणाली. पिशवीतून एक होल्डर काढला, त्याला दोन वायरी, त्यात झिरोचा बल्ब. पिवळा. गुणाजीकडून सळई मागून घेतली, दगडाने जमिनीत ठोकली, वर बादलीभर पाणी ओतलं. एक वायर सळईला बांधली.

सहदेव म्हणाला, "तमाशा करू नको. आई, हात लाव गं. दाखव हिला."

मी पुढे झाले. चटईवर उभी राहिले आणि पालथा हात दांड्याला ठेवला. जया बघत होती. गुणाजी बघत होता. मी म्हटलं, "पायल, बघ बाळा, काही नाही."

पायलने दुसरी वायर पत्र्याला टेकवली.

बल्ब लागला.

मिणमिणता नाही. घरात लागतो तसा, पुरा. दिवसाढवळ्या. माझा हात दांड्यालाच होता.

पायल हळू आवाजात म्हणाली, "आजी, हात काढ. दुसरं कशालाही हात लावू नको. हात काढ आणि मागे ये." मी काढला. मला तेव्हाही काही झालं नाही.

सहदेव पळत पंपाच्या खोलीत गेला. बल्ब विझला. तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. मी बघायला गेले तर जमिनीवर बसलेला, उपटलेला प्लग मांडीवर. मी हाक मारली, "सहदेव." तो म्हणाला, "आई, काल ती मेली असती."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा करू का?"

मग आठवलं, लाइट नाही.

२ फेब्रुवारी

रविवार. उद्याचं उद्घाटन पुढे ढकललं.

जयाने सकाळी मला चहा दिला तसाच, रोजच्यासारखा. कपबशी ठेवली आणि गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. तिने मला वाटाणे सोलायला दिले. सोलले. तिने पुन्हा निवडले नाहीत.

रडू यायला हवं ना अशा वेळी? मी वाट बघितली.

५ फेब्रुवारी

पायलने पंपाच्या खोलीतला सॉकेट उघडून सहदेवला दाखवला. लाल तिथे काळी, काळी तिथे लाल, म्हणजे आणणारी आणि नेणारी उलटी. कुणी केलं कोण जाणे. पंप आपला फिरतोय, त्याला काय फरक पडतो, म्हणून कुणाला कळलं नाही. गुणाजी म्हणाला, तो यायच्या आधीपासून तसंच असेल. सोसायटीच्या माणसाला बोलावून त्याच्यासमोर सरळ केलं.

सहदेवने बसमधली सगळे लूप स्वतः तोडले. एकेक. पायल नुसती बाजूला उभी, सांगत होती, "ही पण पप्पा. ती पण." तो "हं" म्हणत तोडत होता. मग भिंतीशी खड्डा खणला. कंबरेपेक्षा खोल. त्यात तांब्याचा पत्रा उभा ठेवला, वर कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर. मीठ बघून मी म्हटलं, "अरे, हे काय लोणचं घालताय?" कुणी हसलं नाही, पण गुणाजी हसला. मिठामुळे ओल धरून राहते म्हणे. त्यातून जाड हिरवी वायर बसच्या पत्र्याला जोडली. आणि एक नवी डबी बसवली बोर्डात, जरा कुठे गळती झाली की आपोआप बंद पडणारी. तिच्यावर एक बटण आहे, ते रोज दाबून बघायचं, पडते की नाही.

काम संपलं. मेन चालू केलं. सवयीने मी उठले, पदर खोचला.

सहदेव मधे आला, माझा हात धरला. तेव्हा त्याला बोटावरचा फोड दिसला. फुटून काळा पडलेला.

"हे कधी?"

"झाले की आठ दिवस."

"सांगितलं का नाहीस?"

"दुखत नाही तर काय सांगू?"

त्याने जयाकडे बघितलं. जया म्हणाली, "चप्पलसुद्धा निसटते त्यांची. कळत नाही." मग पायलने माझा हात तिच्या हातात घेतला आणि नुसता धरून बसली. मीटर दुसऱ्या हातात तसाच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सहदेव मला नौपाड्याला घेऊन गेला. काम बुडवून. स्टेशनपासून रिक्षा करू म्हणाला, मी म्हटलं चालते, तर माझ्या पायांकडे बघत बघत चालला, सगळा रस्ता. लहान असताना मी त्याच्या पायांकडे बघत चालायचे, त्याला दगड लाथाडायची खोड होती.

डॉक्टर सहदेवला म्हणाले, "मी आजींना डिसेंबरातच सांगितलेलं, घरी सांगा म्हणून." सहदेव माझ्याकडे बघेल असं वाटलं. नाही बघितलं.

मला पलंगावर निजवलं. डॉक्टरांकडे एक बारीक ताठ दोरा असतो, तो तळपायाला, बोटांना टेकवतात. म्हणाले, "डोळे मिटा. टेकवला की हो म्हणायचं."

मी मिटले.

मला वाटलं सहदेवने दिवस बुडवलाय, पायलची बस अडकलीय, आता आणखी ह्यांना घोर नको. जरा थांबून म्हटलं, "हो." थोड्या वेळाने परत, "हो." मग परत. अंदाजाने. ह्यात मी हुशार आहे, बाजारात तराजू न बघता वजन सांगते.

चौथ्यांदा "हो" म्हटल्यावर सहदेवचा आवाज आला.

"आई, डॉक्टर हात धुतायत. त्यांनी अजून सुरू नाही केलं."

मी डोळे उघडले. डॉक्टर बेसिनपाशी होते. सहदेव माझ्या पायापाशी उभा होता आणि त्याने माझा अंगठा धरलेला. कधीपासून धरलेला मला माहीत नाही.

परत येताना त्याने माझ्यासाठी मागे पट्टा असलेल्या चपला घेतल्या. दुकानदाराने विचारलं, माप बरोबर आहे का, लागत तर नाही ना? मी काही बोलायच्या आधी सहदेवने स्वतःची दोन बोटं टाचेमागून घालून बघितली.

१० फेब्रुवारी, सोमवार

उघडली. लवकर निघालो. जयाने उसळ घरीच केलेली, भाकऱ्या तिथे. मला शेगडीजवळ जाऊ दिलं नाही. मला वाटलं होतं त्याचं वाईट वाटेल. बघू, उद्या वाटेल कदाचित.

सकाळी पायलने ते बटण दाबलं, खट्‌ करून सगळं बंद पडलं. परत चालू केलं. मग सॉकेट तपासला. मग पत्रा आणि सळई, मधे तो बल्ब. लागला नाही. सहदेव वही घेऊन उभा होता, ती सांगेल ते लिहून घेत होता. बाप लिहितोय आणि लेक सांगतेय. हे असते तर काय म्हणाले असते? म्हणाले असते, वहीत काय लिहिता, हात लावा. मग मी त्यांना काय सांगितलं असतं, ते मला आज सुचत नाहीये.

मी दारात खुर्चीवर. नव्या चपला. मोरपंखी साडी. नऊ वाजल्यापासून गळ्यात पट्टे घातलेली पोरंपोरी जायला लागली, कानात बोंडं घालून, हाक मारली तरी ऐकू जात नाही त्यांना. मी हात हलवायला लागले. मग एकदोघं थांबले, पण येईनात. लांबून बघून कुजबुजायचे आणि पुढे. गुणाजीने सगळ्या सोसायटीला सांगून ठेवलेलं ना, गाडी चावते म्हणून! त्याचं बरोबरच होतं, पण आता ते परत कसं घ्यायचं? दहा वाजले तरी एक ताट गेलं नव्हतं. जया भाकऱ्यांवर फडकं टाकून बसली. पायल पुन्हा पुन्हा तेच टेबल पुसत होती.

मग एक मुलगी आली, पट्ट्यावर नाव लिहिलेलं, ऐश्वर्या. पायरीपाशी थांबली. हात दांड्याजवळ नेला आणि मागे घेतला.

"आजी, करंट लागतो म्हणे तुमच्या गाडीला? आता नाही ना? तुम्ही हात लावून बघितलंय?"

आत सहदेवने मान वर केली. जयाचा हात फडक्यावर थांबला. मला माहीत होतं, मी "हो" म्हटलं की ही पोरगी चढणार, आणि हिच्या मागे जी तिघं उभी आहेत तीही चढणार. म्हातारीच्या शब्दावर चढतात लोक. जयासुद्धा बसली होती गप्प.

मी म्हटलं, "मला विचारू नकोस बाई. माझ्या हाताला काही कळत नाही. आठ-दहा दिवसांपूर्वी पुरा करंट होता आणि मी सगळ्यांना सांगितलं, काही नाही. माझी सून मरता मरता वाचली. नातीला विचार, ती तपासते."

हे मी एवढ्या मोठ्याने बोलले की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

मुलगी घाबरली की काय मला कळेना. पायल खाली उतरली. तिने बल्ब आणला, सळईला वायर लावली, दुसरी पत्र्याला टेकवली, आणि म्हणाली, "बघा, नाही लागत." मग दोन्ही वायरी आतल्या सॉकेटला लावून बल्ब पेटवून दाखवला, बल्ब चांगला आहे म्हणून. मग परत एक सळईला, एक पत्र्याला. नाही लागला. आता पाचसहा जण जमले, त्यातल्या एकाने मोबाइलवर शूटिंग केलं. एकजण म्हणाला, "आमच्या गीझरचं पण बघाल का?" पायल म्हणाली, "आधी जेवा."

ऐश्वर्या चढली. दांडा धरून.

दुपारपर्यंत भाकऱ्या संपल्या. जया पीठ मळत मळत म्हणाली, "आई, उद्या ताटं मोजायला तुम्ही बसा, मला दोन्ही जमत नाही."

मी म्हटलं, "बसते."